उमरेडच्या बोलीतला कप्तान

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. बोटाच्या पेराएवढा, टोपण हरवलेला. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा जिवाची कसली आलीय कहाणी! पण माझ्या पोटात एकेकाळी अख्खा समुद्र मावत होता, बरं का.

नागपूरच्या प्रताप नगरात प्रेमानंद लग्नांचे व्हिडिओ जोडून देत असत. माझे कितीतरी भाऊबंद त्यांच्या दुकानातून नवरानवरीच्या घरी गेले. मला मात्र त्यांनी लेकीसाठी, नंदिनीसाठी ठेवून घेतले. त्या चिमुरडीला एका कार्टून मालिकेने वेड लावले होते. जुन्या, गाजलेल्या साहसकथेवरची मालिका, पण जहाजावरचे खलाशी सगळे प्राणी. कप्तान पाणमांजर, आचारी बोकड. मालिका होती इंग्रजीत. नंदिनीला चित्रे कळत, बोलणे कळत नसे, आणि मग ती रडकुंडीला येई.

प्रेमानंदांनी काय करावे? दुपारी दुकानाचे शटर अर्धे ओढून घेऊन त्यांनी सगळ्या प्राण्यांना स्वतःचा आवाज दिला आणि ते भाग माझ्यात भरले. ते मूळचे उमरेडचे, त्यामुळे सातासमुद्रापलीकडचे पाणमांजर थेट उमरेडच्या बोलीत गरजू लागले, "काहून झोपून राहिला गा बोकड्या? जहाज बुडून राहिलं ना!" प्रत्येक भागाच्या शेवटी हाच कप्तान दटावायचा, "नंदे, आता टीव्ही बंद कर वं. आईले त्रास नको देऊ." हसता हसता नंदिनीची पुरेवाट होई आणि ती खरोखरच टीव्ही बंद करी. त्या घरात माझे केवढे लाड होते! तिची आई मेघा मला पदराने पुसून टीव्हीमागे ठेवत असे.

पुढे प्रेमानंदांना कावीळ झाली आणि दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत. दुकान बंद झाले, संगणक विकला गेला. त्यांचा आवाज उरला तो फक्त माझ्याजवळ. नंदिनी रोज संध्याकाळी मला टीव्हीला लावी. मालिका बघायला नव्हे, बाबांना ऐकायला. या कामाचा मला फार अभिमान वाटे, आणि धास्तीही वाटे.

वर्ष झाले. स्मृतिदिनासाठी प्रेमानंदांचे धाकटे भाऊ संघपाल उमरेडहून आले. मंडपात स्पीकरवर बुद्धवंदना लावायची होती आणि त्यांना टीव्हीमागे मी सापडलो. लॅपटॉपला लावून पाहतात तर जागाच शिल्लक नाही. "कार्टूनच तर हाये. मोबाइलवर पायजे तेवढं भेटते," असे म्हणून त्यांनी सगळे पुसले आणि वंदना भरली. मेघा स्वयंपाकात होती, नंदिनी शेजारी वेणी घालून घ्यायला गेली होती. भावाच्या मायेपोटीच करत होते बिचारे, त्यामुळे मला त्यांचा धड रागही करता येत नाही. पांढऱ्या कपड्यांतली माणसे हात जोडून बसली. आवाज किती स्वच्छ येतो, असे सगळे म्हणाले. ते कौतुक मला सोसवत नव्हते.

पाहुणे गेल्यावर नंदिनीने मला टीव्हीला लावले. वंदना सुरू झाली. तिने मला काढून पुन्हा लावले, तरी वंदनाच.

"आई, बाबा काहून नाही बोलून राहिले?"

मेघाने सांगितले, तेव्हा कुठे संघपालांना कळले, की त्या कार्टूनमध्ये प्रेमानंदांचाच आवाज होता. दुसऱ्या दिवशी ते मला सीताबर्डीला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने खूप खटपट केली आणि शेवटी नकारार्थी मान हलवली.

घरी येऊन संघपालांनी तीच मालिका मोबाइलवर लावली, तिचा आवाज बंद केला आणि स्वतःच कप्तान होऊन बोलू लागले. सख्ख्या भावाचा गळा तो, हुबेहूब तसाच. मेघाने तोंडात पदर धरला. नंदिनीने क्षणभर ऐकले आणि काकांच्या तोंडावर आपला हात ठेवला.

"काका, तुमी नका बोलू ना. मी माह्या बाबाचा आवाज विसरून जाईन."

आता मी खिळ्यांच्या डबीत पडून असतो. मला कुणी लावत नाही, आणि लावले तरी माझ्याजवळ तिला द्यायला काही नाही. मित्रांनो, आपल्या माणसाचा आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका, त्याची आणखी एक प्रत करून ठेवा. आणि घरातले काही पुसायची वेळ आली, तर मोठ्यांबरोबर लहानांनाही आधी विचारा. नंदिनीला कुणी विचारलेच नाही.