पुढच्या कुंपणातली बाळंतीण

डॉक्टरीणबाई प्राणी उद्यानातल्या हरिणांच्या कुंपणापाशी पोचल्या तेव्हा पाडसाचं नाक आणि एकच खूर बाहेर डोकावत होता. राखणदार म्हणाला, दीड तास झाला, पुढे काही सरकतच नाही. दुसरा पाय आत मुडपलाय, हे बाईंनी लांबूनच ओळखलं. चाळीस वर्षांत अशी किती अडलेली जनावरं त्यांनी सोडवली, त्याची मोजदाद नव्हती.

पण हरीण म्हणजे काही गाय नव्हे. धरायला गेलं तर धसक्यानंच जीव सोडतं. म्हणून तर बाईंनी आठवडाभर आधी बजावलं होतं की हिला मागच्या शांत आवारात हलवा. हलवणं राहिलं बाजूला. फाटकावर पाटी लागली होती, ‘आज पाडसाचा जन्म पाहा’, आणि जाळीला दोनशे माणसं चिकटली होती. कळ आली की हरिणी लोकांकडे बघे, कळ गिळे आणि पुन्हा येरझारा घाली.

ही अक्कल उद्यानाच्या व्यवस्थापकाची, म्हणजे बाईंच्या सख्ख्या भाच्याची. त्याचं म्हणणं, लोक लांबून आलेत, मावशी उगाच बाऊ करते.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तुझ्या वेळी तुझी आई दीड दिवस अडली होती,” त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. “खोलीला दार धड नव्हतं, म्हणून मी चादर धरून उभी होते. तिथं अशी पाटी लावली असती तर?”

“मावशी, हळू बोल ना.”

“हळू बोलायचं ते या हरिणीसाठी. तुझ्यासाठी नाही.”

जाळीपाशी कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. ती मुकाट्यानं वळली. तिच्यामागून एकेक करत सगळेच पांगले.

मग राखणदारानं फुंकनळीतून भुलीची सुई मारली. हरिणी बसली, तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. बाईंनी हातमोजे चढवले, कळ ओसरताच पाडसाला अलगद आत सारलं, आईला इजा होऊ नये म्हणून खूर मुठीत झाकून पाय सरळ केला आणि पुढच्या कळेसरशी ओढलं. पाडस गवतावर आलं, शिंकलं.

भाचा लगेच फोटोवाल्याला घेऊन हजर. त्याला पाडस हातात घ्यायचं होतं.

बाईंनी भुलीचा उतारा टोचला आणि फडकं सोडलं. “दोन मिनिटांत उठेल ती. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी कुणाला बघायचं? तुला?”

त्याचा दंड धरून त्यांनी त्याला बाहेर आणलं. सगळे चाऱ्याच्या खोलीमागे उभे राहिले. राखणदारानं फळीच्या फटीला डोळा लावला.

“उठली, बाई. चाटतेय त्याला.”

भाचाही फटीकडे सरकला. बाईंनी फटीवर तळहात ठेवला.