फरशीची खालची बाजू

बाई आल्या तेव्हा मिस्त्री मागच्या अंगणात फरशी धूत होता. त्यांना घेऊन आला होता उंट. उंट म्हणजे माणूसच, पण इतका लांब आणि पाठीत इतका वाकलेला की त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही जरा आठवून सांगावं लागे. त्याने आणि मिस्त्रीने मिळून जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवल्या होत्या.

बाई कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. जुन्या शाळेची इमारत पाडायला काढली होती, तिथल्या व्हरांड्यातल्या वाळूच्या दगडाच्या फरश्या उपटून उलट्या रचून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या खालच्या बाजूला बाईंना पावलं दिसली होती. माणसाची नव्हेत. बुटक्या, पसरट, पाच बोटांच्या पायांच्या कुठल्या तरी जनावराची. पण काढताना सगळ्या फरश्या फुटलेल्या. एक पाऊल इथे, अर्धं तिथे. ज्या खाणीतून तो दगड आला, ती केव्हाच पाण्याने भरून गेली होती. त्या थरातला दगड गावात आणखी कुठे बसवलाय, एवढंच त्यांना हवं होतं, आणि उंटाने त्यांना सांगितलं होतं की ते फक्त मिस्त्रीच्या डोक्यात आहे.

मिस्त्रीला आधी हसू आलं. म्हणाला की आम्ही त्याला फोड म्हणतो. या दगडाची एक बाजू सपाट असते, दुसरीला फोड असतात. सपाट वर ठेवायची, फोडांची खाली, म्हणजे सिमेंट घट्ट धरतं. एखादा फोड फारच मोठा असला तर छिन्नीने उडवायचा. त्याच्या बापाने हेच केलं, त्यानेही हेच केलं. किती उडवले असतील कुणास ठाऊक.

हे ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला नाही, हे त्याला बरं वाटलं. त्यांनी अंगणातल्या ओल्या मातीत मूठ दाबून दाखवली. जनावर गाळावरून चालत गेलं, खड्डे पडले. मग पुराबरोबर वाळू आली आणि खड्ड्यांत भरली. वाळूचा दगड झाला, गाळ झडून गेला. म्हणून दगडाच्या पोटाला पाऊल असं फुगून राहिलं. साच्यातून काढल्यासारखं.

"किती जुनं असेल?" उंटाने विचारलं.

"तेव्हा माणूस नव्हता. पक्षी नव्हते. साधं फूलसुद्धा नव्हतं."

"म्हणजे बायकोची समजूत घालायला फुलं आणायची भानगड नाही," उंट म्हणाला. "सुखी होतं जनावर."

बाई हसल्या. मिस्त्री हसला नाही. तो पायाखालच्या फरशीकडे बघत होता.

घर बांधलं तेव्हा त्याने त्याच खाणीतून ही मोठी फरशी आणली होती, धुण्यासाठी. बसवायच्या आधी ती भिंतीला टेकवून ठेवली होती. त्याने फोड उडवायला छिन्नी लावली, तर बायकोने त्याचा हात धरला. राहू दे म्हणाली, कुणाचे तरी पाय आहेत ते. लग्न नवं होतं, वाद घालायची छाती नव्हती. फोडांसकट दगड बसावा म्हणून त्याने सिमेंटऐवजी वाळूचा जाड थर दिला आणि मनात म्हटलं, ही डुगडुगणार. ती कधी डुगडुगली नाही. बायको जन्मभर तिच्यावर बसून कपडे धूत राहिली. जिथे ती घासायची तिथे दगड झिजून बशीसारखा झाला होता, आणि अलीकडच्या कडेला तिच्या टाचांच्या दोन गुळगुळीत जागा होत्या. ती गेल्यावर शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या लेकीने मशीन आणून दिलं. कपडे मशीनमध्ये जायचे. मिस्त्री रोज नुसती फरशी धुवायचा.

तो गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण बायकोचं म्हणणं खरं निघालं होतं, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला राहवेना. त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी उंटाने पहार घातली, लेक मदतीला आली आणि चौघांनी मिळून फरशी उभी केली. बाईंनी खालची वाळू ब्रशने झाडली. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पावलं गेली होती, डावं उजवं, डावं उजवं, आणि मधून शेपटी ओढत नेल्याची रेघ. एकही फोड उडालेला नव्हता. बाई मातीत बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

मग अडचण निघाली, आणि ती बाईंनी स्वतःच सांगितली, लपवली नाही. एवढा जाड दगड संग्रहालयाच्या भिंतीला पेलत नाही. पाठीमागची बाजू करवतीने कापून तो पातळ करतात. आणि पाठीमागची बाजू म्हणजे ही, कपडे धुवायची.

"बाबा, द्या ना," लेक म्हणाली. "आईला आवडलं असतं."

"तुझ्या आईला ते पाय आवडले असते," मिस्त्री म्हणाला. "मला या टाचा हव्यात."

बाईंनी हट्ट धरला नाही. पावलांवर रबर ओतून साचा घेते आणि फरशी होती तिथे परत ठेवू, असं म्हणाल्या. हव्या तर टाचांचाही साचा करून देते. मिस्त्री म्हणाला, रबराच्या टाचा घेऊन काय करू. साचा झाला, वाळला, निघाला. काम तिथेच मिटलं असतं. पण मिस्त्रीच्या जिवाला चैन पडेना. तिने वाचवलेली पावलं आपल्या हाताने परत पुरायची? फरशीची कड तो ओल्या फडक्याने पुसत होता आणि बाई शेजारी वाकून बघत होत्या. दोघांची नजर एकदमच तिथे गेली. जाडीच्या मधोमध अभ्रकाची बारीक रेघ चमकत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"इथून उकलेल," बाई म्हणाल्या.

"उकलेल. नाहीतर फुटेल."

"माझ्याकडे साचा आहे, काका. जाईल ते तुमचं जाईल. मी काही बोलणार नाही."

तो आत गेला, पाणी प्यायला, पाचरी घेऊन आला.

कडेने एकेक पाचर लावत तो फिरला. प्रत्येकीला एकच हलका ठोका, मग पुढची. उंट दगडाला खांदा देऊन उभा राहिला. दगड टणटण वाजत होता. फेऱ्या होत गेल्या तसा आवाज जड होत गेला. लेकीने डोळे मिटून घेतले. मग एका ठोक्याला आवाज फुटका आला आणि वरच्या थराचा एक कोपरा तुटून खाली पडला. टाचांपासून लांबचा. त्याने श्वास सोडला, पुढच्या पाचरीला ठोका दिला, आणि फरशी पुस्तकासारखी उघडली.

आतल्या बाजूंवर लहरी होत्या. उथळ पाणी वाऱ्याने हलतं तशा, एकीमागे एक.

"हे आजवर कुणीच पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आपणच पहिले."

मिस्त्रीने लहरींवरून हात फिरवला. तिला दाखवायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं. पण आज ते नेहमीसारखं टोचलं नाही. तिने हात धरला नसता तर दाखवायलाही काही उरलं नसतं.

पावलांचा थर गोधड्यांत गुंडाळून गाडीत चढवला. निघताना बाई त्याचे आभार मानायला लागल्या. तो म्हणाला, मला कशाला, मी तर उडवणार होतो. बाई थांबल्या. मग परत अंगणात गेल्या, वाकून टाचांच्या जागेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थँक यू हं, काकू."

लेक रडत होती. उंट दुसरीकडे बघून नाक शिंकरत होता. मिस्त्रीने चाळण घेतली आणि वाळू चाळायला बसला. फरशी आता पातळ झाली होती, खाली थर जास्त लागणार होता.