हनुवटीवरचा ठिपका

शेवंतीबाईंच्या फोटोवरून माझं आणि उत्तमरावांचं भांडण झालं नाही. भांडायचं तर दोघांनाही ते ठाऊक असावं लागतं, आणि मला त्यांचा मत्सर वाटतो हे उत्तमरावांच्या गावीही नव्हतं.

डोंबिवलीत आमचा वाचनकट्टा दर गुरुवारी भरतो. पुस्तकांच्या देवाणघेवाणीची वही माझ्याकडे असते. शेवंतीबाई निवृत्त परिचारिका. अकरा वर्षं त्या विठ्ठलवाडीहून येत आणि वहीत सही करून पुस्तक नेत. उत्तमराव त्यांच्याच इमारतीत राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, मोठ्याने हसणारा माणूस. पुस्तकं फारशी वाचत नाहीत, पण कट्ट्यावर सगळ्यांना हवे असतात.

शेवंतीबाई गेल्या त्याला वर्ष होत आलं तेव्हा त्यांच्या मुलीने, निशाने, कट्ट्याच्या ग्रुपवर एक जुना फोटो टाकला. खडवलीला नदीवर सहलीला गेलेल्या शेवंतीबाई, वय चाळिशीच्या आतलं. ओल लागून चेहऱ्यावर बुरशीचे डाग पडलेले आणि मधोमध घडीची पांढरी रेघ. ‘स्मृतिदिनाला विहारात लावायचाय. कोणाला नीट करता येईल का?’

मला दोन ओळी लिहायला वीस मिनिटं लागतात. तोवर उत्तमरावांचं उत्तर येऊन पडलं होतं, ‘हो बेटा, काम झालं समज.’ खाली अकरा जणांचे जोडलेले हात.

मी निशाला वेगळा निरोप पाठवला, ‘मीही प्रयत्न करू का? नाही जमलं तर हरकत नाही.’ त्यातलं दुसरं वाक्य खोटं होतं.

उत्तमरावांनी सवलतीत मिळालेलं स्वस्तातलं सॉफ्टवेअर घेतलं होतं. मी गिंप नावाचं फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते फुकट मिळतं, आणि माझ्या जुन्या संगणकावरही चालतं, फक्त उघडेपर्यंत चहा होऊन जातो. शिकवणारं कोणी नव्हतं. मी त्याची मदतपुस्तिका छापून घेतली, पेन्सिलीने खुणा करत वाचली. पहिले चार दिवस काम जतन कसं करायचं हेच कळेना. मग हळूहळू हीलिंग ब्रश हाताला लागला. कंट्रोलचं बटण दाबून शेजारची चांगली त्वचा निवडायची आणि डागावर ब्रश टेकवायचा. डाग नाहीसा होतो आणि खालची सावली मात्र राहते. रोज दुपारी तीन तास मी त्यांच्या गालावरची बुरशी काढत होतो.

हनुवटीवर मात्र काढायचं नव्हतं, घालायचं होतं. तिथे त्यांच्या गोंदणाचा हिरवट ठिपका होता, तो डागाखाली पार गेला होता. मी वेगळा लेयर घेतला, म्हणजे फोटोवर अंथरलेला पारदर्शक थर, आणि त्यावर आठवणीतून तो ठिपका रंगवला. किंचित डावीकडे आणि कडा विस्कटलेल्या. रंग जमायला दोन दुपारी गेल्या. जमला तेव्हा वाटलं, हे दुसऱ्या कोणाला जमलं नसतं, कारण इतकं नीट कोणी पाहिलेलंच नाही.

मग एका गुरुवारी उत्तमराव छापील फोटो घेऊनच कट्ट्यावर आले.

“बघा चांगदेवराव, तीन बटणं दाबली, फोटो तयार! तुम्हीही करताय म्हणाली निशा. तुमचं ते फुकटचं काय ते, कुठवर आलं? पुढच्या वर्षीच्या स्मृतिदिनाला मिळेल ना?”

सगळे हसले. मीही हसलो. चेहरा गुळगुळीत झाला होता, लुगड्याचा काठ पुसट झाला होता. आणि हनुवटी कोरी होती.

माझ्या छातीत जे काही हललं तो आनंद होता, हे लिहिताना लाज वाटते, पण होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. “छान झालाय,” मी म्हणालो आणि वहीत डोकं घातलं. पण मला त्यांची चूक निशासमोरच दिसायला हवी होती.

रविवारी निशाने आम्हा दोघांना घरी बोलावलं, मीही माझा फोटो छापून नेला. तिने दोन्ही फोटो टीपॉयवर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिली.

“लुगड्याचे चौकडे किती स्पष्ट आलेत काका तुमच्यात! आई असंच बघायची, भुवई जराशी वर करून.”

“अरे वा! मेहनत आहे हो,” उत्तमराव म्हणाले. “आपण हरलो बुवा.”

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडावर हरल्याचं काहीच दिसत नव्हतं.

“उत्तमरावांच्या फोटोत एक चूक आहे,” मी म्हणालो. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. “गोंदण पुसलं गेलंय. बहुतेक डाग समजून.”

निशाने उत्तमरावांकडे पाहिलं.

“चूक नाही काका,” निशा म्हणाली. “मीच सांगितलेलं त्यांना. आईला ते अजिबात आवडायचं नाही. पाच वर्षांची असताना आत्याने जत्रेत हात धरून गोंदवलेलं. नर्सिंगला असताना पोरी चिडवायच्या.”

“ते काढून घ्यायला कल्याणच्या कातडीच्या डॉक्टरकडे गेलेलो ना आम्ही तिघं,” उत्तमराव हळूच म्हणाले. “डॉक्टर म्हणतो, आजी, आता या वयात कशाला? तर ह्या म्हणतात, मरायच्या आधी एकदा माझा चेहरा मला माझ्या मनासारखा बघायचाय. मग साखर वाढली, राहूनच गेलं. तुम्हाला बोलल्या नाहीत कधी?”

“नाही.”

वहीत सही करायला शेवंतीबाई टेबलाशी आल्या आणि मी वर पाहिलं, की त्यांच्या डाव्या हाताची बोटं हनुवटीवर जात. दर गुरुवारी, अकरा वर्षं. फक्त माझ्यासमोर जातात असं मला वाटायचं. त्या एवढ्याशा हालचालीचे मी घरी येऊन किती अर्थ लावले होते, ते इथे लिहीत नाही.

“काका, फोटो तुमचाच लावूया,” निशा म्हणाली. “फक्त तेवढं काढाल?”

“मी काढून देऊ का?” उत्तमरावांनी विचारलं. “तुमची फाईल माझ्याकडे पाठवा, एक मिनिटाचं काम.”

“माझी फाईल तुमच्याकडे उघडणार नाही,” मी म्हणालो. उघडली असती की नाही, मला माहीत नव्हतं.

घरी येऊन जेवण न करताच संगणक लावला. ठिपक्याचा लेयर वेगळाच होता, त्यामुळे ब्रशही लागला नाही. लेयर निवडला आणि डिलीट केला. दोन दुपारी लागल्या होत्या, गेला क्षणात. समोर एक चाळिशीच्या आतली बाई नदीकडे पाठ करून उभी होती, भुवई जराशी वर करून, आणि तिच्याकडे कोणीही कितीही वेळ पाहिलं तरी तिला चालणार होतं. मी फार वेळ पाहू शकलो नाही.

फोटो निशाला पाठवला. खाली लिहिलं, ‘उत्तमरावांनी सांगितल्याप्रमाणे दुरुस्ती केली आहे.’ वाचून पाहिलं. मग उत्तमरावांचं नाव खोडलं, मग पूर्ण वाक्यच खोडलं, आणि नुसतं ‘केलं’ एवढं लिहून पाठवून दिलं.