प्राध्यापक पाहण्याचा कार्यक्रम

बंगळूरला वर्षभरात तीन मुलगे मला पाहून गेले. तिघांनीही ‘कळवतो’ असं सांगितलं आणि कळवलं नाही. एवढ्या थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढू नये, असं मला बी.एस्सी.ला शिकवलं होतं. आमच्या चामराजपेठेतल्या घरात तो केव्हाच काढून झाला होता. दोष चष्म्याचा.

पुढे, १९६१ साली, अण्णांच्या सरकारी कारखान्याने त्यांना दीड वर्षासाठी लंडनला पाठवलं आणि आई, मी, धाकटी प्रतिमा अशा आम्ही तिघीही बोटीत चढलो. तिथून मी केंब्रिजच्या एका प्राध्यापकांना पत्र टाकलं. क्ष-किरणांनी स्फटिकांची छायाचित्रं घेऊन त्यांची आतली रचना शोधायची, हे त्यांचं काम. मला तेच शिकायचं होतं. त्यांनी शनिवारी दुपारी भेटायला बोलावलं.

“माणूस पाहून ठरवू,” अण्णा म्हणाले. “नाही पटला तर तू पुढच्या बोटीने काकांकडे परत. हुबळीच्या स्थळाला मी अजून नकार दिलेला नाही.”

हुबळीच्या स्थळाचं कापडाचं दुकान होतं आणि त्यांना चष्मा चालणार होता.

माणूस पाहण्याची आमच्या घराण्याला एकच पद्धत माहीत आहे. तेव्हा शनिवारी सकाळी सगळं घर केंब्रिजच्या गाडीत बसलं. आई म्हैसूर सिल्क नेसली होती. तिच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा डबा होता आणि पिशवीत नारळ. तो प्राध्यापकांच्या बायकोची ओटी भरण्यासाठी लंडनभर हिंडून मिळवला होता.

“विचारलं तेवढंच बोल,” आई म्हणाली. “मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही.”

“आणि अक्का, चहा सांडू नकोस,” प्रतिमा म्हणाली.

“तू आत यायचंच नाहीस,” आईने तिला बजावलं. “त्यांना धाकटीच पसंत पडली तर काय करायचं?”

“आई, मला गणितात बेचाळीस मार्क आहेत!”

“ते त्यांना कुठे माहीत आहे?”

केंब्रिज मोठं प्रेक्षणीय गाव आहे, असं मी ऐकून आहे. मी ते त्या दिवशी पाहिलं, पण चालता चालता, कारण अण्णांना स्थळाची चौकशी उरकायची होती. डावीकडे नदी होती, नदीत होड्या होत्या. उजवीकडे शतकानुशतकं जपलेली हिरवळ होती, तिच्यावर फक्त तिथल्या अध्यापकांना पाय ठेवायची मुभा. अण्णांना ही व्यवस्था आवडली. “घराण्याला शिस्त दिसते,” ते म्हणाले.

कॉलेजच्या दरवाजावर गोल टोपी घातलेला रखवालदार होता. अण्णांनी त्याला अदबीने बाजूला घेतलं.

“प्राध्यापकसाहेब स्वभावाने कसे आहेत?”

“बरे आहेत, सर.”

“पिण्याबिण्याचं काही?”

“चहा बराच पितात, सर.”

अण्णांनी आमच्याकडे वळून मान डोलावली. पहिला गुण पदरात पडला होता.

प्राध्यापक प्रयोगशाळेतल्या आपल्या खोलीत होते. उंच, वाळके, पन्नाशीचे. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून पॅन्टच्या पायाला लावलेला चाप काढायचा राहून गेला होता. एका मुलीला भेटायला बोलावल्यावर तीन माणसं का आली, असं त्यांनी विचारलं नाही. खुर्च्यांवरचे कागद जमिनीवर ठेवून त्यांनी आम्हाला बसवलं आणि चहाचा एकेक कप पुढे ठेवला. प्रतिमा बाहेर टायपिस्टबाईंजवळ, धोक्याबाहेर होती.

आईने मिसेसची चौकशी केली. मिसेस नव्हत्या, मांजर होतं. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की हुबळी चार मैल जवळ आली. मग ओटीचा नारळ तिने टेबलावर त्यांच्या हस्तलिखितावर ठेवला. त्यांनी तो उचलून कानाशी हलवला आणि आभार मानले.

“मग, आतापर्यंत काय काय शिकलात?” त्यांनी मला विचारलं.

“फर्स्ट क्लास आहे,” अण्णा म्हणाले. “स्वयंपाक येतो. पहाटे उठते.”

“आमच्या प्रयोगशाळेत ती नवलाईच ठरेल. इथे यावं असं तुम्हाला का वाटलं?”

“तिला लहानपणापासून आवड,” अण्णा म्हणाले.

मी खाली पाहत बसले होते. या बैठकीचा मला दांडगा अनुभव होता. मुलगी कशी बसते हे पाहायचं असतं, आणि मी उत्तम बसते.

प्राध्यापकांनी खणातून एक छायाचित्र काढून माझ्यासमोर धरलं. मधोमध एक मोठा डाग, भोवती ठिपक्यांची वर्तुळं.

“यात काय दिसतं?”

“अगोबाई, रांगोळी!” आई म्हणाली. “सांगा हो त्यांना, नयना ठिपक्यांची रांगोळी छान काढते.”

अण्णांनी सांगितलं. मग त्यांनी छायाचित्र आपल्याकडे ओढलं. तीस वर्षं यंत्रांत घालवलेला माणूस, गप्प कसा बसणार? “सहा,” ते म्हणाले. “सहा वेळा फिरवा, दर वेळी तसंच दिसेल. आमच्या नटबोल्टासारखं. स्फटिक षट्कोनी आहे.”

हे त्यांनी निकाल वाचून दाखवावा तसं म्हटलं आणि पाठ टेकली. प्राध्यापकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

उत्तर चूक होतं. गप्प बसले तर प्राध्यापक मला उत्तर येत नाही असं समजणार होते. बोलले तर परक्या माणसासमोर बापाला खोटं पाडणारी मुलगी म्हणून घरी न्यायला अण्णांना आयतंच कारण मिळणार होतं. दोन्ही वाटा हुबळीला जात होत्या. एकीवर निदान उत्तर बरोबर होतं.

“तीन,” मी म्हणाले. “एकाआड एक ठिपके फिके आहेत. सहाव्या भागाने फिरवलं तर गडद ठिपका फिक्यावर येतो. तिसऱ्या भागाने फिरवलं तरच जुळतं.”

अण्णांनी छायाचित्र पुन्हा घेतलं, तिरपं धरलं, उजेडाकडे नेलं. त्यांचे कान लाल झाले होते.

“बरोबर,” प्राध्यापक म्हणाले. “ऑक्टोबरमध्ये या. शिष्यवृत्तीचं मी पाहतो. याल ना?”

आजवरच्या कुठल्याच बैठकीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. “येते,” मी म्हणाले, आणि मग चहा सांडला.

स्टेशनपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. आईने तेवढ्यात ती उणीव भरून काढली. “बापाला खोटं पाडलंस! एवढ्या मोठ्या माणसासमोर!” प्रतिमाला टायपिस्टबाईंकडून बिस्किटं मिळाली होती, ती मजेत होती.

फलाटावरच्या बाकावर बसल्यावर अण्णा म्हणाले, “ठिपके फिके होते हे खरं. पण उजेड कमी होता.”

“हो,” मी म्हणाले.

“त्यांनी ‘कळवतो’ म्हटलं नाही.”

“नाही.”

“देण्याघेण्याचंही काही काढलं नाही,” आई जरा नरमून म्हणाली. “उलट तेच देतायत. पण एकटा माणूस हो, घरात बाईमाणूस नाही…”

“अगं, मुलीला तोंडावर पसंत करणारी माणसं आपल्याला भेटली होती कधी?” अण्णा म्हणाले. “आपण आढेवेढे घेत बसलो आणि त्यांनी दुसरी पाहिली तर?”

“सरी, ठीक आहे,” आई म्हणाली.

गाडी फलाटाला लागली. मी उठले. अण्णाही उठले, पण ते स्टेशनच्या दरवाजाकडे निघाले.

“कुठे?” मी विचारलं.

“परत. त्यांना आपला होकार सांगायला नको?”

“अण्णा, मी ‘येते’ म्हणाले ना!”

“तू म्हणालीस,” ते म्हणाले. “घरातल्या कुणी कुठे म्हटलंय? डबा दे गं, लाडू द्यायचेच राहिले.”

गाडी आम्हाला न घेता गेली. अण्णा पुढे, इंग्रजीत वाक्य घोळवत. मागे आई पदर सावरत. रीत पूर्णपणे चुकीची होती आणि उत्तर बरोबर आलं होतं. परीक्षेत अशा उत्तराला मार्क मिळत नाहीत. मी अण्णांचा वेग मोजला, प्राध्यापक घरी जायच्या आत पोचू असा हिशेब केला आणि प्रतिमाला म्हटलं, “जरा भरभर चाल.”