लॉर्नाचा आठ नंबर

लॉर्ना अंगाने भरायला लागली हे आमच्या मजल्यावर सगळ्यांना दिसत होतं. मशीनवरच्या बायकांना दिसत होतं, इस्त्रीवाल्याला दिसत होतं. लिफ्टवाला म्हातारा तर ती आत आली की मुद्दाम कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "आज यंत्र कुरकुरतंय बुवा." दिसत नव्हतं ते एकट्या वॉरन टॉलिव्हरला, आणि त्याचा तर सगळा धंदा तिच्या अंगावर उभा होता.

मी सेल्मा. वॉरन बायकांचे कपडे बेततो, त्याची शोरूम मी चालवते. दुकानांचे खरेदीदार येतात, त्यांना बसवायचं, कॉफी पाजायची, पुढच्या मोसमाचे कपडे दाखवायचे आणि "हा रंग तर तुमच्याकडे उडून जाईल" असं म्हणत ऑर्डर पदरात पाडून घ्यायची. वॉरन इंडियानाहून एक सुटकेस घेऊन सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या या कपड्यांच्या बाजारात उतरला, तेव्हापासून मी त्याच्याबरोबर आहे. त्यामुळे त्याला अरे-तुरे करायचा हक्क माझा. त्याच्याशी खोटं बोलायचाही.

आणि लॉर्ना म्हणजे त्याची फिटिंगची मॉडेल. मासिकांत फोटो येतात त्या काटक्या वेगळ्या, ही वेगळी. हिच्या अंगावर मांजरपाटाचा कच्चा झगा चढवायचा, टाचण्या लावायच्या, इकडे सोडायचं, तिकडे घ्यायचं, आणि मनासारखा बसला की त्यावरून आठ नंबरचा साचा काढायचा. त्या आठवरून मग दहा, बारा, चौदा. म्हणजे आमची लॉर्ना एक इंच वाढली की बॉस्टनपासून लॉस एंजेलिसपर्यंत सगळे झगे एक इंच वाढणार. एवढी मोठी बाई होती ती, पण तिचं नाव कुठल्या लेबलवर नव्हतं.

तिला टेप लावायची नाही, अशी वॉरनची सक्त ताकीद होती. पहिल्या कलेक्शनच्या वेळी तिला एकदाच मापलं, ते कलेक्शन गाजलं, तेव्हापासून "नशिबाचं माप काढू नये" हे त्याचं पालुपद. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "इतकी वर्षं झाली, माझी लॉर्ना तसूभर बदललेली नाही. ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी दुसरी आणीन." हसत हसत म्हणायचा, पण करणारा माणूस होता. शोरूममधल्या एका मुलीला त्याने ईस्टरच्या सुट्टीवरून आल्या आल्या, कमरेकडे एक नजर टाकून, कोटही काढू न देता घरी पाठवलं होतं. आणि छत्तिशी ओलांडलेल्या फिटिंगच्या मॉडेलला या धंद्यात दुसरं दार उघडत नाही. ते लॉर्नाला ठाऊक होतं, आम्हालाही.

पण करणार काय? बाई प्रेमात पडली होती. तेही कुणाच्या? यॉर्कव्हिलमधल्या लाझ्लो नावाच्या एका हंगेरियन बेकरीवाल्याच्या. जिने उभ्या आयुष्यात काळी कॉफी आणि अर्ध्या ग्रेपफ्रूटवर दिवस काढले, तिच्यापुढे तो रोज संध्याकाळी सफरचंद भरलेलं गरमगरम गोड स्ट्रुडल ठेवायचा आणि ती खात असताना समोर बसून बघत राहायचा. सांगा, कोण नाही म्हणेल? मी तर लाझ्लो नसतानाही खाल्लं असतं.

फेब्रुवारीत शरद ऋतूच्या कपड्यांची फिटिंग सुरू झाली आणि पहिल्याच झग्याची चेन कमरेशी अडकली. कार्मेला, आमची साचे कापणारी, सिसिलीची म्हातारी, तोंडात टाचण्या धरून चेन ओढत होती.

"श्वास आत घे," कार्मेला म्हणाली.

"घेतलाय."

"मग सोडू नकोस."

"कधीपर्यंत?"

"कलेक्शन होईपर्यंत."

लॉर्ना आधी हसली आणि मग एकदम रडायलाच लागली. "तो मला काढून टाकेल गं, सेल्मा. मी लाझ्लोला सांगते, नको देऊस म्हणून. उद्यापासून बंद."

"खबरदार!" कार्मेलाने तोंडातल्या टाचण्या हातावर काढल्या. "पोरी, किती वर्षांनी तुझे गाल दिसायला लागलेत. आधी तुला टाचणी लावताना मला भीती वाटायची, हाडात जाईल म्हणून. बाईने जेवायचं सोडून झग्यात मावायचं, हे कुठल्या शहाण्याने सांगितलं? झगा कापडाचा आहे. कापड वाढवता येतं."

आणि तिने वाढवलं. साच्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर सोडलं, पाठीला थोडं, छातीला थोडं. एवढ्यावर भागणार नव्हतं, कारण वॉरनच्या खोलीत लॉर्नाच्या मापाचा कापडी पुतळा उभा होता आणि त्याची नजर सारखी तिकडे जायची. तेव्हा वॉरन जेवायला गेला की आम्ही पुतळ्याची शिवण उसवून आत कापूस भरायचो. लॉर्ना वाढेल तसा पुतळाही वाढायचा. दोघांची तब्येत एकदमच सुधारली. वॉरन एकदा पुतळ्याकडे बघायचा, एकदा लॉर्नाकडे, आणि मान डोलवायचा. "तंतोतंत," म्हणायचा. मी खिडकीतून खाली रस्त्यावरच्या गाड्या बघत ओठ चावायची.

एकदा मात्र वाटलं, संपलं. मांजरपाटाच्या एका कोटाभोवती तो दोनदा फिरला आणि म्हणाला, "या वेळी काहीतरी वेगळं झालंय."

"काय?" मी विचारलं.

"माझा हात मऊ झालाय, सेल्मा. रेषा बघ कशी वाहते! मी परिपक्व होतोय."

"होतोयस खरा," मी म्हटलं.

एप्रिलमध्ये ते कलेक्शन दाखवलं, उन्हाळ्यात माल दुकानांत गेला, आणि मग फोन सुरू झाले. पहिला फोन शिकागोच्या मिसेस डॉब्रिनचा. ही आमची जुनी खरेदीदार. आवाज असा की फोन हातभर लांब धरावा.

"सेल्मा, काय करून ठेवलंयत तुम्ही? बायका कपडे बदलायच्या खोलीत रडतायत!"

"का गं बाई?" माझी बोबडीच वळली.

"आनंदाने! ज्यांना आयुष्यभर बारा लागला त्या दहामध्ये मावतायत. अगं, माझी सासू दहामध्ये बसली! ती दहामध्ये शेवटची बसली तेव्हा युद्ध चालू होतं. मी स्वतः दोन सूट घेतलेत. सगळा माल पुन्हा पाठव."

असेच मग डॅलसहून, असेच क्लीव्हलंडहून. बाईला आरसा खोटा वाटतो, नवरा खोटा वाटतो, पण लेबलवरचा आकडा कधी खोटा वाटत नाही. वॉरन टॉलिव्हरच्या कपड्यात आपण एक नंबर खाली येतो, हे एकीने दुसरीला सांगितलं आणि वणवा पेटला. पेपरवाले लिहायला लागले की या माणसाला अमेरिकन स्त्रीचं शरीर समजलंय. वॉरनने ती कात्रणं फ्रेम करून भिंतीवर लावली.

"मी तिला तिचं शरीर परत दिलं, सेल्मा," तो म्हणाला.

"वर दोन बोटं जास्तच दिलंस," मी म्हटलं. त्याला वाटलं मी स्तुती केली.

ऑक्टोबरात वसंत ऋतूचे कपडे दाखवायचे होते. शोरूम खचाखच भरलेली. पुढच्या रांगेत मिसेस डॉब्रिन आपल्या सुटात दिमाखात बसलेली, आणि तिच्या शेजारी एका बड्या मासिकाच्या मिस हॅवरस्टिक. उंच, ताठ, शब्दाला धार असलेली बाई. त्यांनी वाईट लिहिलं की चांगल्या चांगल्यांची दुकानं थंड पडायची. पण त्या दिवशी स्वारी खुशीत होती. त्यांनी अंगावरच्या जॅकेटची कॉलर उलटून लेबल दाखवलं.

"तुमचाच सूट, मिस्टर टॉलिव्हर. आणि आठ नंबर! शाळा सोडल्यापासून मी आठमध्ये कधी मावले नव्हते. लिहायचंय मला याच्यावर. गुपित काय?"

वॉरनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "गुपित? गुपित माझ्याकडे पगारावर आहे. लॉर्ना, बाहेर ये!"

लॉर्ना पडद्यामागून आली. अंगावर फिटिंगचा काळा तंग झगा, त्यात काही म्हणजे काही लपत नव्हतं.

"ही पहिल्या दिवशी कमरेत पंचवीस होती, आजही पंचवीसच आहे. साऱ्या शहरात कुणाचं माप इतकं पक्कं नाही. टेप आणा!"

माझं धाबं दणाणलं. "वॉरन, नशिबाचं माप काढू नये म्हणतोस ना तू?"

"ते जुनं झालं. नशीब आता माझ्या खिशात आहे. कार्मेला, टेप."

"टेप सापडत नाही, साहेब," कार्मेला म्हणाली.

"मग तुझ्या गळ्यात काय आहे? साप?"

म्हातारीने हळूहळू, जमेल तितका वेळ लावत गळ्यातली टेप काढली. वॉरनने ती मिस हॅवरस्टिकच्या हातात दिली. "तुम्हीच मोजा. जे येईल ते छापा. पंचविसाच्या वर आली तर आत्ताच्या आत्ता, तुमच्यादेखत, तिला घरी पाठवतो!" लोक हसले. लॉर्ना हसली नाही. तिने डोळे मिटून घेतले. तिचे ओठ पांढरे पडले होते, आणि मला त्या क्षणी वॉरनच्या टाळक्यात कॉफीचं भांडं घालावंसं वाटलं. इतकी वर्षं तास तास पुतळ्यासारखी उभी राहून, टाचण्या टोचून घेऊन जिने त्याला मोठं केलं, तिला तो गंमत म्हणून पणाला लावत होता.

मिस हॅवरस्टिक वाकल्या. टेप कमरेभोवती फिरवली, पुढे आणून जुळवली आणि आकडा बघायला चष्मा खाली ओढला. मी शेजारीच उभी होते, मलाही दिसला. अठ्ठावीस. वर थोडं होतं, ते मी धरत नाही.

त्यांनी आकडा पुन्हा बघितला. मग लॉर्नाच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघितलं. आणि मग त्यांचा हात, अगदी आपोआप, स्वतःच्या जॅकेटच्या बटणावर गेला. मी आयुष्यभर बायकांना विकत आलेय, मला त्या चेहऱ्यावरचा हिशेब स्वच्छ वाचता आला. ही आठ नंबरची नसेल, तर आपण कोण? आणि आपल्या बहिणीला, मैत्रिणींना, ऑफिसातल्या त्या उंदरासारख्या सेक्रेटरीला आपण सांगून बसलोय, त्याचं काय?

मिस हॅवरस्टिक ताठ उभ्या राहिल्या.

"पंचवीस," त्या म्हणाल्या. चर्चमध्ये शपथ घ्यावी तशा आवाजात.

"मला तर इथूनही दिसतंय," मिसेस डॉब्रिन लगेच ओरडली. "पंचवीसच!"

"थोडी कमीच असेल," मागून कुणीतरी म्हणालं. त्या आवाजाकडे मी वळून बघितलं तर तीही आमच्याच सुटात होती. निम्मी शोरूम आमच्या सुटात होती. टाळ्या पडल्या, आणि काय टाळ्या! लॉर्नाने डोळे उघडले. मी तिला कमरेत धरलं. छान भरलेली, ऊबदार कंबर होती.

इथे थांबेल तर तो वॉरन कसला? "आता माझी मोजा!" त्याने जॅकेट मागे सारलं. "बत्तीस. कॉलेजपासून बत्तीस!"

मिस हॅवरस्टिकनी त्याच्याभोवती टेप फिरवली. पुरुषाच्या कमरेत त्यांचं काहीच अडकलेलं नव्हतं. "अडतीस," त्या म्हणाल्या.

वॉरनने स्वतः खाली बघितलं, पोट आत ओढलं, पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा अडतीस. तो कानापर्यंत लाल झाला.

"टेप खोटी आहे!" तो गरजला.

लॉर्नाची बोटं माझ्या दंडात रुतली. टेप खोटी म्हटली की सगळंच उघडं पडणार होतं. वॉरनच्याही कपाळावर आठी पडली. "पण हिचं तर बरोबर आलं. मग माझंच कसं चुकलं?"

शेवटी कार्मेला पुढे झाली, तिने मिस हॅवरस्टिकच्या हातातली टेप अदबीने काढून घेतली.

"ही बायकांची टेप आहे, साहेब," ती म्हणाली. "पुरुषाला लावली की फसते."

वॉरनने तिच्याकडे बघितलं. मग मिस हॅवरस्टिककडे. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. मग मिसेस डॉब्रिनकडे. तिने दोनदा हलवली.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" तो म्हणाला. "आणि पुरुषांची कुठे आहे?"

"आपल्याकडे नाही, साहेब. करावी लागेल."

सोमवारी कार्मेलाने पांढऱ्या रिबिनीवर काळ्या शाईने आकडे काढून त्याला एक टेप करून दिली. तो ती टेबलाच्या वरच्या खणात ठेवतो. बत्तीस भरतो तीत.