रंगूबाईचे गाऱ्हाणे

नावडे वसाहतीतील त्या सोसायटीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या मोठ्या टीव्हीवर तेजोनाथ महाराज डोळे मिटून बसले होते. ते नेमके कोठे बसले होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. ऑनलाइन दरबाराला पत्ता नसतो. पडद्याखाली एक माइक आणि झेंडूने सजवलेली पाण्याची बादली ठेवली होती.

"मला काही सांगावं लागत नाही, भक्तांनो," महाराज बोलले. "तुमचं दुःख वर अपलोड होतं आणि माझ्याकडे डाउनलोड होतं. एक माता दिसते आहे. जयमाला. गाव देवगडकडचं. मुलगी वैदेही, तिला रोज इन्सुलिनच्या सुया. परवा त्या लेकरानं विचारलं, 'आई, मी मेले तर सुया थांबतील का?'"

सभागृह थरारले. जयमाला जागच्या जागी गोठली. ते वाक्य तिने नवऱ्यालासुद्धा सांगितले नव्हते. तो तळोज्याच्या कारखान्यातून इतका थकून येई की सांगायला जीभ उचलत नसे.

"तुजी पोर सुटली गो बाय," शेजारच्या सुंदराबाईंनी तिला ढोसले. "यांना समदा ठाव हाय."

"सुई म्हणजे विष," महाराजांनी हात उंचावला. "ते औषध पाण्यात सोड. आज रात्रीपासून मुलगी मुक्त."

वैदेहीने आईचा पदर ओढला. "आई, खरंच नाही टोचायचं?"

त्या प्रश्नातली आशा जयमालाला सोसवेना. सोबत आणलेला औषधाचा डबा घेऊन ती उठली. इन्सुलिन टोचायचे एक पेन पाण्यात पडले, दुसरे हातात होते, तोच तिचे मनगट कोणी तरी धरले. खालच्या मजल्यावरची बुशरा होती. शाळेत कॉम्प्युटर शिकवणारी.

"काकी, थांबा."

"सोड, बुशरा. स्वतःच्या पोरीला रोज टोचून बघ, मग थांबव मला."

"तिचं शरीर इन्सुलिन बनवत नाही, काकी. सुई थांबली तर ती काही दिवसांत आपल्या हातून जाईल." बुशराने आवाज खाली आणला. "वैदेहीचं ते वाक्य कोणाला सांगितलं होतंत?"

"कोणाला नाही. फक्त मोबाइलला."

"मोबाइलला म्हणजे?"

"तूच शिकवलंस ना, अडलं की सर्च कर म्हणून? केलं."

बुशराने तिला कोपऱ्यात नेले. जयमालाने पुन्हा तसाच सर्च करून दाखवला. आजार कायमचा बरा करण्याचे वचन देणारी एक ओळ सर्वांत वर आली. तिच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असे लिहिले होते.

"ही जाहिरात आहे, काकी. खरी म्हणून वर नाही आलेली, पैसे भरून वर बसलीय."

ती ओळ दाबताच पांढरे पान उघडले. मध्यभागी एकच रिकामी चौकट: 'मनातलं विचारा.' जयमालाला वाटले होते की ही तीच शोधाची चौकट. माहेरी देवापुढे गाऱ्हाणे घालताना नाव, गाव, घर सांगायचे आणि मग दुःख, काही न लपवता. तिने तसेच घातले होते. राहता कुठे, असे चौकटीने विचारल्यावर सोसायटीचे नावही दिले होते.

"नाही गं," ती हट्टाने म्हणाली. "त्यांना ध्यानात दिसलं."

बुशराने वाद घातला नाही. त्याच चौकटीत तिने आपल्या फोनवरून एक गाऱ्हाणे लिहिले आणि जयमालाला वाचायला दिले: मी रंगूबाई, याच सोसायटीत राहते, मुलगा शिवतेज मुका झाला, काल स्वप्नात तो माझ्याशी बोलला.

दोघी थांबल्या. वैदेहीच्या जेवणाची, म्हणजेच सुईची वेळ होत आली होती. महाराजांनी एक डोळा किलकिला करून खाली कुठे तरी पाहिले आणि पुन्हा मिटला.

"आणखी एक माता रडते आहे. रंगूबाई. शिवतेजची वाचा गेली. पण काल स्वप्नात तो बोलला."

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"रंगूबाई कोन?" सुंदराबाई म्हणाल्या. "आपल्यान कोनी रंगूबाई नाय."

"लाजू नकोस, माते. निळ्या पातळात दिसते आहेस तू मला."

"मना तं कोन दिसं ना," सुंदराबाई पुटपुटल्या.

बुशराने फोन उंच धरला. "रंगूबाई आत्ता मी लिहिली. शिवतेजही मीच लिहिला. इथं लिहिलेलं यांची माणसं वाचतात आणि यांना पुरवतात. एवढंच यांचं ध्यान."

तत्क्षणी महाराजांचे दैवी नेटवर्क गेले. पडदा काळा झाला.

जयमालाला मात्र सुटल्यासारखे वाटले नाही. शेवटचा दरवाजा तोंडावर आपटल्यासारखी ती मटकन बसली. "म्हणजे ती बरी होणार नाही?"

"कायमचं बरं करणारं औषध आपल्या डॉक्टरांकडे आज नाही, काकी. पण सुईवर ती मोठी होईल. शिकेल. तुमच्याशी भांडेल."

शोधून मिळालेले पहिले उत्तर खरेच असते असे नाही. मोबाइलमधली रिकामी चौकट देव्हारा नव्हे. तिच्यापलीकडे कोण बसले आहे हे कळेपर्यंत तिच्यापुढे घरचे दुःख आणि घरचा पत्ता मांडू नये. आणि ज्याने रुग्णाला कधी तपासले नाही, त्याच्या शब्दावर औषधाला हात लावू नये. यासाठी मोठे शिक्षण लागत नाही. विश्वास टाकण्याआधी एक रंगूबाई पाठवून पाहावी.

वैदेही सारे ऐकत उभी होती. तिने बादलीकडे एकदा पाहिले, मग स्वतःच सदरा थोडा वर केला.

"टोच, आई. भूक लागलीय."

जयमालाने हातात राहिलेले पेन उघडले. तिने मात्रा दोनदा तपासली आणि मगच सुई टोचली.