आमचा घरांना विरोध नाही

भाचीचं पत्र आलं तेव्हा मी ते दोन-तीनदा वाचलं आणि उत्तर द्यायचं म्हणून टेबलावर अगदी डोळ्यांसमोर ठेवलं. माझ्याकडे डोळ्यांसमोर ठेवलेली वस्तू दिसेनाशी व्हायला फार वेळ लागत नाही. आधी त्यावर शब्दकोश आला, मग चष्म्याचं घर, मग एक जाडजूड इतिहास, जो मी गेली काही वर्षं वाचायला घेतो आहे. पत्र दिसत नव्हतं, पण ते कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं.

पत्र साधं होतं. भाची आमच्याच रस्त्याच्या टोकाला असलेल्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त काढते. राहते मात्र शहराच्या पार दुसऱ्या कडेला, एका खोलीत, बस चालवणारा नवरा आणि नुकतीच बोलू लागलेली मुलगी यांच्यासह. तिनं लिहिलं होतं :

'मामा, मालकानं भाडं इतकं वाढवलंय की महिनाअखेर खोली सोडायची आहे. मग सासूबाईंकडे, शहराबाहेर. म्हणजे माझी नोकरी सुटली. तुमच्याकडे मोज्यांच्या बंद गिरणीच्या जागेवर परवडणारी घरं होणार म्हणतात, तिथे आम्ही अर्ज केलाय. ती नक्की होणार एवढं कळलं तरी तोवर कसंबसं निभावू. शेजाऱ्यांनी बाजूनं पत्रं दिली तर फरक पडतो. तू छान लिहितोस. एक लिहिशील? तुझ्या वरच्या खोल्यांचं मी विचारत नाहीये हं.'

शेवटचं वाक्य तिनं घातलं नसतं तर मी कदाचित त्याच दिवशी उत्तर दिलं असतं. माझ्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. त्यांत पुस्तकं आहेत. विचारलंच नाही तर नाही कसं म्हणायचं, या पेचात मी अडकलो, आणि तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

दारात आमची रहिवासी समिती उभी होती. समिती म्हणजे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, टेनिस क्लबचे चिटणीस आणि एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे बाई म्हणतात. अध्यक्षांनी हयातभर विमा विकला. त्यामुळे बोलताना ते आधी तुमच्या मरणाची आठवण करून देतात आणि मग धीर देतात.

"लेखक, आपली वस्ती संपली," अध्यक्ष खुर्चीत बसत म्हणाले. मला हे लोक लेखक म्हणतात. मी एकही पुस्तक लिहिलेलं नाही. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी नोकरी गेली. पण 'लेखक' ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी कधी दुरुस्ती सुचवली नाही. "गिरणीच्या जागेवर सात मजले. सात! आता तुम्हीच वाचवा."

"मी काय करणार?"

"हरकतीची पत्रं लिहायची. नगररचना कार्यालयाचा नियम आलाय, एकसारख्या मजकुराची पत्रं एकच धरणार. आता आमच्या सगळ्यांचं म्हणणं एकच आहे, पण ते वेगवेगळं वाटलं पाहिजे."

"म्हणजे प्रत्येकाच्या तोंडी शोभेल असं," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना उगाच विद्वान करू नका, संशय येईल."

"आणि बाईंना गोड करू नका," डॉक्टर म्हणाले.

याच क्षणी मी भाचीबद्दल बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा टाकू का?"

खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली, आता दुसऱ्यांच्या नावानं का होईना, वाक्यं माझी होती. डॉक्टरांच्या खिडकीतून दिसणाऱ्या मावळतीच्या उन्हावर मी असा परिच्छेद लिहिला की ते स्वतः हळवे झाले आणि संध्याकाळी पहिल्यांदाच खिडकी उघडून बसले. चिटणिसांच्या पत्रात मी शांततेचं महत्त्व सांगितलं. टेनिस क्लबचा भोंगा पहाटे सगळ्या गल्लीला उठवतो, हे त्यात आलं नाही. बाईंच्या पत्रात गिरणी वारसा झाली. आजवर त्या गिरणीकडे वळूनही न पाहणारे लोक 'आपली गिरणी' म्हणू लागले. एका पत्रात मी लिहिलं की नव्या लोकांच्या गाड्यांनी रस्ते तुंबतील. दुसऱ्यात लिहिलं की त्या लोकांकडे गाड्या नसणार, त्यामुळे बसमध्ये पाय ठेवायला जागा उरणार नाही. दोन्ही मला पटली.

फक्त एक गोष्ट खटकत होती. सगळी पत्रं वाचून माणूस म्हणेल, हे लोक अप्पलपोटे आहेत. म्हणून शेवटी मी एक परिच्छेद जोडायचा ठरवला : 'आमचा घरांना विरोध नाही. घरे झालीच पाहिजेत. मात्र त्यासाठी अमुक जागा अधिक योग्य ठरेल.'

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "आपण एकदम दिलदार दिसतो."

"पण अमुक म्हणजे कुठली जागा? पत्रं वेगळी, तर जागाही वेगळ्या हव्यात."

"ते ज्याचं त्याला विचारा."

मी ज्याचं त्याला विचारलं. डॉक्टर माझ्या कानाशी आले. "टेनिसची मैदानं बघा ना. चार म्हातारे खेळतात. खेळतात कसले, चेंडू शोधतात. पण माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"पत्राखाली सही तुमचीच असणार, डॉक्टर."

"ती असू दे हो! कार्यालयात कोण वाचतंय?"

चिटणिसांनी डॉक्टरांच्या दवाखान्यामागचं मोठं अंगण सुचवलं. अध्यक्षांना बाईंच्या शाळेचं मैदान पसंत होतं, कारण मुलं आता खेळतात कुठे. बाईंना अध्यक्षांची बाग योग्य वाटली. "दोन माणसं आणि एवढी हिरवळ! त्यावर तर ते कोणाला पाऊलही ठेवू देत नाहीत." मग बाकीची घरं आली. जो तो आवाज खाली आणून शेजारच्याचं कुंपण, गॅरेज, गच्ची सांगून गेला, आणि जाताना प्रत्येकानं बजावलं की ही गोष्ट आपल्यातच राहावी. मी कोणाचं पत्र कोणाला दाखवलं नाही. छापखान्यात ती शिस्तच होती. प्रत्येकानं आपलं पत्र नेलं, सही केली आणि स्वतः कार्यालयात दिलं.

सुनावणी कार्यालयाच्या लांबट सभागृहात होती. आम्ही सगळे लवकर जाऊन पुढच्या रांगा धरून बसलो. थोड्या वेळानं दारातून भाची आली. कामावरूनच आली होती, अंगात प्रयोगशाळेचा पांढरा कोट. मी खुर्चीत जरा खाली सरकलो. समितीला मात्र आनंद झाला.

"अगं, तू इकडे कशी?" अध्यक्ष म्हणाले. "माझा रिपोर्ट घेऊन आलीस का? साखर किती आहे?"

"रिपोर्ट उद्या, काका."

"हिच्या हाताला फार गुण आहे," बाई चिटणिसांना म्हणाल्या. "सुई टोचलेली कळत नाही. हल्ली अशी माणसं मिळतात कुठे?"

"मिळतात, बाई," भाची म्हणाली. "राहायला जागा मिळत नाही. मी या घरांसाठी अर्ज केलाय. बाजूनं बोलायला आलेय."

बाईंनी चष्मा पुसायला घेतला. मग अध्यक्षांनी सावरलं. "तुझ्यासारख्यांना विरोध नाहीच मुळी!"

"मग कोणासारख्यांना आहे, काका?"

काकांनी मागे वळून पंखा चालू आहे का ते पाहिलं. भाची माझ्या मागच्या खुर्चीवर येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मामा, बाहेर फलकावर आत्ताच सगळी पत्रं लावलीत. वाचली मी. दातांच्या डॉक्टरांना मावळतीचं ऊन कधीपासून सुचायला लागलं रे?"

माझे कान तापले. वळून पाहायचं धाडस झालं नाही.

अधिकारी बाईंना सडकून सर्दी झालेली होती. हातात रुमाल, मागे भिंतीवर आमच्या वस्तीचा नकाशा, आणि नकाशावर लाल टाचण्याच टाचण्या.

"सर्वप्रथम रहिवाशांचे आभार," त्या नाक पुसत म्हणाल्या. "आजवर आमच्याकडे नुसते नकार येतात. घरांसाठी इतक्या जागा स्वतःहून देऊ करणारी वस्ती मी पहिल्यांदाच पाहते आहे."

अध्यक्ष हसले, मान तुकवली, आणि तुकवलेल्या मानेनंच थांबले. "जागा? कुठल्या जागा?"

त्या वाचू लागल्या. "टेनिसची मैदानं, 'जिथे चार म्हातारे चेंडू शोधतात'. दवाखान्यामागचं अंगण. शाळेचं मैदान. अध्यक्षांची बाग—"

"माझी बाग? कोणी दिली माझी बाग?"

"आणि दवाखान्यामागचं अंगण कोणी वाटलं?" डॉक्टर उठले. "चिटणीस, तुम्हीच!"

"मी? तुम्ही माझी मैदानं दिलीत! म्हणे चेंडू शोधतात! अहो, तुमच्या दवाखान्यात लोक दात शोधतात!"

"शांत बसा," अधिकारी बाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "भांडायचं कारण नाही. प्रत्येक जागा कोणा ना कोणा शेजाऱ्यानं तपशीलवार सुचवली आहे. मुद्दे इतके चांगले मांडलेत की आम्ही सगळ्यांची पाहणी करणार आहोत. गिरणीसकट."

"पण आमचा घरांना विरोध नाही!" अध्यक्ष ओरडले.

"तेच तर लिहिलंय प्रत्येकानं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक कागद उचलला. "इथे सहीखाली हातानं लिहिलेली एक ओळ आहे, तीही नोंदवते. 'शिवाय कोपऱ्यावरच्या घराचा वरचा मजला वर्षानुवर्षे रिकामा आहे. तिथे फक्त पुस्तके राहतात आणि त्यांना कोणी भेटायला जात नाही.'"

कोपऱ्यावरचं घर माझं. अक्षर आमच्या मुख्याध्यापिका बाईंचं असणार हे मी कागद न पाहताच ओळखलं. त्या समोर बघत होत्या.

"बाई, हे काय?" मी पुटपुटलो.

"का? काही चूक आहे त्यात?"

मी सवयीनं ते वाक्य मनात पुन्हा तपासलं. एकही शब्द हलवता येत नव्हता. त्या गठ्ठ्यात मी न लिहिलेलं एकच वाक्य होतं, आणि तेच सगळ्यात चांगलं होतं. मागून भाचीच्या हसण्याचा आवाज येईल म्हणून मी वाट पाहिली. आला नाही. वळून पाहिलं तेव्हा ती खाली मान घालून कोटाचं बटण लावत होती. ते आधीच लावलेलं होतं.

तिची बोलायची पाळी आली. ती उभी राहिली, दोन-चार वाक्यं बोलली. घर कामाजवळ असलं की मुलीला जागेपणी भेटता येतं, एवढंच. त्यात एक शब्दही नटवलेला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी सगळ्यात जोरात. निर्णय पुढे ढकलला गेला आणि ती बस पकडायला पळाली.

दुसऱ्या दिवशी समिती पुन्हा माझ्या दारात. आत आली ती एकेक करून, कारण आता कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

"लेखक, खुलासापत्रं हवीत," अध्यक्ष म्हणाले. "सगळ्यांची, वेगवेगळी. 'माझी सूचना मी मागे घेत आहे', असं. कारणं तुम्हीच शोधा. घोळ तुमच्या त्या शेवटच्या परिच्छेदानं झालाय."

"चहा नको," डॉक्टर आधीच म्हणाले.

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

आवाज इतका बारीक निघाला की अध्यक्षांना ऐकू गेला नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. "मला जमणार नाही. ती रक्त काढणारी मुलगी माझी भाची आहे. सख्ख्या बहिणीची मुलगी."

"अहो, मग आधी नाही का सांगायचं!" अध्यक्ष म्हणाले. "आपल्या माणसासाठी काहीतरी केलं असतं. ओळखीत एखादी खोली बघितली असती."

"कुठे?"

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी चिटणिसांकडे. चिटणीस छताकडे पाहू लागले, म्हणजे माझ्या वरच्या मजल्याकडे. बाई तेवढ्या हसल्या.

ते गेल्यावर मी टेबलावरचा इतिहास उचलला, चष्म्याचं घर उचललं, शब्दकोश उचलला. उत्तराचे मसुदे मी आधीही केले होते. एकेक इतका सुरेख होता की वाचणाऱ्याला मी काय म्हणतोय याचा पत्ता लागला नसता. या वेळी उभ्या उभ्याच लिहिलं :

'गिरणीवरच्या घरांच्या बाजूनं पत्र आज कार्यालयात देतो आहे, माझ्या सहीनं. ती होतील तेव्हा होतील. तोवर वरच्या खोल्यांत राहायला या. तू विचारलं नव्हतंस, मला माहीत आहे. भाड्याचं बोलायचं नाही. पुस्तकं अजून हलवलेली नाहीत, त्यामुळे जावईबापूंना कंबर सांभाळून यायला सांग. छोटीनं एखादं फाडलं तर चालेल. सगळीच नकोत.'

कार्यालयात माझं पत्र घेताना कारकुनानं विचारलं, "यात दुसरी जागा सुचवलेली नाही?" मी नाही म्हटलं. त्यानं ते उलटून मागची बाजूही पाहिली आणि शिक्का मारला.

परतताना कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी थांबलो. पाकीट अर्धं आत गेल्यावर आठवलं, कंबरेचं ते वाक्य जरा खटकतंय. जावयाला पहिल्यांदा लिहायचं ते असं? बाहेर काढून घरी न्यावं, नीट करावं, उद्या टाकावं, असं मनात आलं. समोरून चिटणीस येताना दिसले. मी पाकीट सोडलं.